अमेरिकेत परराज्यात स्पीडिंगचं तिकीट मिळालं तर: पैसे भरण्याआधी हे बघा

रानवारा (धागाकर्ता)

सुट्टी लागली की न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकटमधून गाडी काढून शेनांडोहला किंवा थेट फ्लोरिडापर्यंत जाणारी मराठी कुटुंबं भरपूर आहेत. वाटेत व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया लागतात, आणि वेगाच्या बाबतीत या तिन्ही राज्यांचे कायदे आपल्या सवयीपेक्षा वेगळे आहेत. वेगमर्यादा मोडल्याचं तिकीट, म्हणजे चलान, मिळालं की बहुतेक जण घरी पोचल्यावर पहिल्याच रात्री ऑनलाइन पैसे भरून मोकळे होतात. "एवढ्यासाठी कुठे चारशे मैल कोर्टात जायचं" हा विचार समजण्यासारखा आहे, पण घाई इथेच नडते.

पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. ती कबुली तुमच्या राज्याच्या मोटार खात्याकडे जाते, तिथून रिन्यूअलच्या वेळी इन्शुरन्स कंपनीच्या नजरेस पडते. दंड एकदाच भरायचा असतो, वाढलेला प्रीमियम मात्र पुढची काही वर्षं भरत राहावा लागतो.

म्हणून आधी कागद शांतपणे वाचा. व्हर्जिनियाचं समन्स (तिकिटाचा कागद) उदाहरणाला घेतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. त्यावर कोर्टाचं नाव, तारीख आणि वेळ असते. त्याखाली कायद्याचं कलम असतं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. ४६.२-८७० किंवा त्याच्या पुढचं ८७४, ८७८ असं काही असेल तर साधं स्पीडिंग, म्हणजे ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन, फौजदारी नसलेला नियमभंग. ४६.२-८६२ असेल तर ते रेकलेस ड्रायव्हिंग. हा दंडाचा मामला नाही. हा क्लास वन मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. कायद्यात त्याला १२ महिन्यांपर्यंत तुरुंग, २,५०० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे.

समन्सवर एक चौकट असते. तिच्यावर खूण असेल तरच कोर्टात न जाता पैसे भरून प्रकरण मिटवता येतं. रेकलेसला ती खूण नसते. लोक हे न बघता वेबसाइटवर "पे" चं बटण शोधत बसतात, ते सापडत नाही, आणि तारीख उलटून जाते.

तिकिटावर सही करणं म्हणजे गुन्हा मान्य करणं नव्हे. तारखेला हजर राहीन किंवा मुदतीत उत्तर देईन, एवढाच तिचा अर्थ. सही नाकारून काही मिळत नाही.

आडवाट

चांगला धागा. एक प्रश्न. न्यू जर्सीचं लायसन्स, आय-९५ हायवेवर ताशी ७० मैलांचा झोन, तिकिटावर ८७. म्हणजे मर्यादेपेक्षा १७ मैलच जास्त. तरी ४६.२-८६२ लावलंय. ट्रूपरने (राज्य पोलिसाने) कलम चुकीचं लिहिलं असं म्हणता येईल का?

रानवारा

नाही, कलम बरोबर आहे. व्हर्जिनियात रेकलेस दोन रस्त्यांनी लागतं. मर्यादेपेक्षा २० मैल किंवा जास्त, हा एक. आणि मर्यादा काहीही असो, ताशी ८५ मैलांच्या वर, हा दुसरा. १ जुलै २०२० च्या आधी ही दुसरी रेषा ८० ला होती. त्यामुळे ७० च्या झोनमध्ये ८६ झाले की तुम्ही १६ च मैल जास्त असूनही रेकलेसमध्ये जाता. न्यू जर्सी टर्नपाइकवर ६५ ला ८० ने जाणाऱ्या गाड्यांच्या ओघात राहायची सवय असते आणि ती सवय तशीच खाली नेली जाते, तिथे गडबड होते.

आणखी एक. रडार डिटेक्टर लावून जाणार असाल तर व्हर्जिनियाच्या हद्दीत तो काढून ठेवा. खाजगी गाडीतसुद्धा त्यावर बंदी असलेलं हे एकमेव राज्य आहे. वॉशिंग्टन डीसीतही बंदी आहे.

सोनचाफा

८७ ची केस असेल तर घाबरून जाऊ नका, पण हलकंही घेऊ नका. ८५ च्या जरा वर, मागचा रेकॉर्ड स्वच्छ, अपघात नाही, अशा प्रकरणात चार्ज खाली येण्याची शक्यता बरी असते. खाली येण्याच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे साध्या स्पीडिंगवर आणणं, उदाहरणार्थ ७० ला ७९. नऊ मैल यासाठी, की १ ते ९ मैल जास्त ही सगळ्यात खालची पायरी आहे. दुसरी म्हणजे ४६.२-८६९, इम्प्रॉपर ड्रायव्हिंग. हे इन्फ्रॅक्शन आहे, गुन्हा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. दोन्हीत मुख्य फायदा एकच: फौजदारी नोंद टळते. व्हर्जिनियात रेकलेसची नोंद ड्रायव्हिंग रेकॉर्डवर ११ वर्षं राहते, आणि गुन्ह्याची नोंद त्याहून वेगळी.

९० च्या पुढे वारं बदलतं. शंभरी ओलांडली असेल तर काही न्यायाधीश खरोखर तुरुंगाचे दिवस देतात. तिथे वकिलाशिवाय जाऊ नये.

आडवाट

वकील केला तर स्वतः जावं लागतं का? आणि वकील शोधायचा कसा? घरी पत्रांचा गठ्ठा आलाय.

सोनचाफा

ती पत्रं येतात कारण कोर्टाचा डॉकेट (खटल्यांची यादी) सार्वजनिक असतो आणि वकील त्यावरून पत्ते काढतात. पत्र आलं म्हणजे तो वकील वाईट असं नाही, पण पहिल्या पत्रावर जाऊ नका. ज्या काउंटीचं जनरल डिस्ट्रिक्ट कोर्ट आहे, त्याच कोर्टात नेहमी उभा राहणारा वकील हवा. रिचमंडचा नावाजलेला वकील दोन तास गाडी चालवून येतो आणि त्या न्यायाधीशाची पद्धत त्याला माहीत नसते. त्यापेक्षा तिथलाच साधा वकील बरा.

फोनवर हे विचारा: या कोर्टात तुम्ही महिन्यातून किती वेळा असता? माझ्या वेगाला या न्यायाधीशाकडे सहसा काय होतं? मला यावं लागेल की तुम्ही माझ्यावतीने उभे राहाल? फी ठरावीक आहे का, आणि अपिलाची फी त्यात आहे की वेगळी? दंड आणि कोर्टाचा खर्च फीच्या वर असतो, तो धरून चला. "नक्की सोडवतो" अशी हमी देणाऱ्याला नको म्हणा.

परराज्यातल्या माणसाच्या रेकलेसमध्ये, तुरुंगाची शक्यता नसेल तर, वकील एकटा उभा राहिलेला बहुतेक कोर्टांत चालतो. पण हे त्या वकिलाकडून ईमेलवर लिहून घ्या.

घाटमाथा

तारखेआधीच्या आठवड्यांत करायची कामं सांगतो, कारण न्यायाधीशासमोर "सॉरी" म्हणण्यापेक्षा हातातला कागद जास्त बोलतो.

पहिलं काम, स्वतःच्या राज्याचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढा. परराज्यातल्या माणसाचा रेकॉर्ड व्हर्जिनियाच्या कोर्टासमोर आपोआप येत नाही, तो स्वच्छ आहे हे तुम्हीच दाखवायचं. न्यू जर्सीचं ड्रायव्हर हिस्टरी अॅबस्ट्रॅक्ट १५ डॉलरला ऑनलाइन मिळतं.

दुसरं, स्पीडोमीटर कॅलिब्रेशन. याला लोक हसतात, पण व्हर्जिनियात हे कायद्यात लिहिलेलं आहे, कलम ४६.२-९४२. कॅलिब्रेशनचा शपथेवरचा रिपोर्ट कोर्टाने पुराव्यात घ्यायचा आणि दोष ठरवताना व शिक्षा ठरवताना, दोन्ही वेळी विचारात घ्यायचा, असं ते कलम म्हणतं. गॅरेजवाले गाडी रोलरवर चढवून काटा काय दाखवतो आणि चाकं खरी किती वेगाने फिरतात याचा तक्ता करून देतात. काट्यावर ८२ दिसत असताना गाडी खरी ८७ ने जात असेल, तर तो तक्ता सोन्याचा.

फरक का पडतो ते सांगतो. स्पीडोमीटर चाकांच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील तर एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, काटा मात्र जुन्याच हिशोबाने चालतो. म्हणून तिकीट मिळालं तेव्हा जे टायर होते त्यांवरच टेस्ट करा. टायर बदलायला झाले असतील तर आधी टेस्ट, मग टायर. भाड्याची गाडी असेल तर हा मार्ग जवळपास बंदच समजा.

आणि रिपोर्ट उलटाही निघू शकतो. बऱ्याच गाड्यांचा काटा खऱ्यापेक्षा एखाद-दोन मैल जास्तच दाखवतो. म्हणजे खरा वेग ८७ तर काट्यावर ८९ दिसत होते. असा रिपोर्ट निघाला तर तो स्वतः पुढे करण्यात अर्थ नाही.

तिसरं, ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा ८ तासांचा कोर्स. काही कोर्टं तारखेआधी केलेला धरतात, काहींना न्यायाधीशाने सांगितल्यावरच केलेला हवा असतो, काहींना ऑनलाइन चालत नाही. क्लर्कला फोन करून किंवा वकिलाला विचारून मगच पैसे घाला.

कंदील

घाटमाथा यांच्या प्रतिसादाला जोड. रडारच्या कॅलिब्रेशनचाही नियम आहे. तिकिटाच्या तारखेआधीच्या ६ महिन्यांत रडार किंवा ते जोखायचे ट्यूनिंग फोर्क तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं. कोर्टात ते बघायला मागता येतं. प्रमाणपत्र नसेल किंवा तारीख जुनी असेल तर वेगाचा आकडाच लटका पडतो. पण फक्त या एका भरवशावर जाऊ नका, ट्रूपर सहसा ते घेऊनच येतो.

कोर्टात काय बोलू नये हेही सांगायला हवं. "सगळेच ८५ ने जात होते, मी त्यांच्याबरोबर होतो" हा बचाव नाही, ही कबुली आहे. "घाई होती, मुलाला बाथरूमला जायचं होतं" हीसुद्धा कबुलीच. रस्त्याच्या कडेला ट्रूपर विचारतो, "का थांबवलं माहीत आहे का?" त्यावर आपल्याकडचा सवयीचा विनम्रपणा "यस ऑफिसर, आय वॉज गोइंग एटी-सेव्हन" म्हणून टाकतो, आणि तो ते समन्सच्या मागे टिपून ठेवतो. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड द्या, नम्रपणे बोला, आकडा सांगू नका.

भारतातून नव्याने आलेल्यांसाठी: गाडी उजव्या शोल्डरला घ्या, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि आतच बसा. दार उघडून पोलिसाकडे चालत जाणं इथे धोक्याचं मानलं जातं. कागद ग्लव्ह बॉक्समध्ये असतील तर आधी सांगा, मग हात घाला.

निघायच्या आधी, पुढच्या एक्झिटला थांबून टिपून ठेवा: माइल मार्कर, दिशा, वेळ, पाऊस होता का, लेन कोणती, बाजूला ट्रक होते का, क्रूझ कंट्रोल कितीवर होता. डॅशकॅम असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर परतीच्या प्रवासात त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊन जुनं पुसलं जातं.

मोगरा

माझ्या माहितीप्रमाणे न्यू यॉर्कच्या लायसन्सवर परराज्यातल्या स्पीडिंगचे पॉइंट (नियमभंगाचे दोषगुण) येत नाहीत. मग न्यू यॉर्कवाल्यांनी सरळ भरून टाकायला काय हरकत आहे? आणि न भरता सोडून दिलं तर?

रानवारा

पहिलं अर्ध बरोबर आहे. न्यू यॉर्कचं खातं परराज्यातली साधी मूव्हिंग व्हायोलेशन्स (गाडी चालवताना झालेले नियमभंग) आपल्या रेकॉर्डवर चढवत नाही. दारू किंवा ड्रग्जची प्रकरणं चढतात. आणि कॅनडातल्या ऑन्टारिओ व क्यूबेकमधल्या तिकिटांचे पॉइंट मात्र येतात. नायगारा ओलांडून टोरांटोला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून साध्या स्पीडिंगचं तिकीट असेल तर न्यू यॉर्कवाल्याला भरून टाकणं परवडू शकतं. रेकलेस असेल तर नाही. पॉइंट येवोत न येवोत, गुन्ह्याची नोंद व्हर्जिनियात होते आणि बॅकग्राउंड चेकमध्ये दिसू शकते.

सोडून देणं हा पर्याय कुठल्याच राज्यात धरू नका. दोन करार वेगवेगळे आहेत, आणि ते एकच समजल्याने बरेच घोळ होतात. ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्टखाली राज्यं दोषसिद्धी एकमेकांना कळवतात. त्यात जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन नाहीत. नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट वेगळा. परराज्यातल्या तिकिटाला उत्तरच दिलं नाही तर घरचं राज्य लायसन्स निलंबित करतं, तो हा. त्यात अलास्का, कॅलिफोर्निया, मिशिगन, मोंटाना, ओरेगन आणि विस्कॉन्सिन नाहीत.

यादीत राज्याचं नाव नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मॅसॅच्युसेट्स पहिल्या करारात नाही, तरी तिथली इन्शुरन्सची पद्धत परराज्यातली व्हायोलेशन्स मोजते. शिवाय राज्यं कराराबाहेरही माहिती देवाणघेवाण करतात.

निलंबनाचं वाईट असं की ते आधी कळत नाही. पत्र जुन्या पत्त्यावर जातं. दोन वर्षांत तीन क्लायंट आणि तीन अपार्टमेंट बदलणाऱ्यांना तर हे हमखास गाठतं. मग कधीतरी टेललाइट बंद म्हणून पोलीस थांबवतो आणि निलंबित लायसन्सवर गाडी चालवल्याचा नवाच, जास्त गंभीर चार्ज लागतो. लायसन्सवरचा पत्ता बदला आणि कोर्टाच्या क्लर्कलाही नवा पत्ता कळवा.

टेकडीपल्याड

न्यू जर्सीवाल्यांचा हिशोब मांडतो. परराज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनला न्यू जर्सी २ पॉइंट देते, तिकडच्या राज्यात कितीही पॉइंट असोत. ३ वर्षांत ६ पॉइंट झाले तर १५० डॉलर सरचार्ज, वरच्या प्रत्येक पॉइंटला २५ डॉलर. १२ ला निलंबन. एक वर्ष काही न होता गेलं तर ३ पॉइंट उतरतात. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या कोर्सने २ उतरतात, पण पाच वर्षांतून एकदाच.

म्हणजे एका तिकिटाचे २ पॉइंट ही फार मोठी आपत्ती नाही. आधीचे ४ असतील तर चित्र बदलतं. म्हणून म्हणतो, आधी अॅबस्ट्रॅक्ट काढा, मग लढायचं की भरायचं ठरवा. इन्शुरन्स कंपनी स्वतःचं गणित लावते, ते पॉइंटांपेक्षा वेगळं असतं.

उलट दिशेने, न्यू जर्सीकर न्यू यॉर्कमध्ये पकडला गेला तर न्यू यॉर्क स्वतःकडे त्याचा वेगळा हिशोब ठेवतं. तिथे ६ पॉइंट झाले की ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटी असेसमेंट नावाचं शुल्क लागतं, वर्षाला १०० डॉलर, तीन वर्षं, ६ च्या वरच्या प्रत्येक पॉइंटला वर्षाला २५ जास्त. हे परराज्यातल्यांनाही लागू आहे आणि दंडापेक्षा वेगळं आहे. पत्र काही आठवड्यांनी येतं, तोवर "भरलं, संपलं" असं वाटत असतं. ते न भरल्यास न्यू यॉर्कमध्ये गाडी चालवण्याचा हक्क जातो.

न्यू यॉर्कमध्ये तिकीट कुठे मिळालं याने फार फरक पडतो. न्यू यॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये (विभागांत) मिळालं तर ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरो, आणि तिथे तडजोड नसते. दोषी किंवा निर्दोष, मधलं काही नाही. शहराबाहेर, कॅट्सकिल्सकडे, अल्बनीकडे, एखाद्या टाउन कोर्टात असेल तर नॉट गिल्टीची खूण करून तिकीट मुदतीत पाठवा, सपोर्टिंग डिपॉझिशन (पोलिसाचं लेखी निवेदन) मागा आणि प्रॉसिक्यूटरला, म्हणजे सरकारी वकिलाला, पत्राने विनंती करा. ११ ते २० मैल जास्तच्या चार्जचं कमी पॉइंटच्या १११०-ए (वाहतुकीची खूण न पाळणं) या कलमावर येणं तिथे नेहमीचं आहे. बऱ्याच कोर्टांत हे सगळं पोस्टाने किंवा ईमेलने होतं.

आडवाट

नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियाबद्दलही कोणी लिहील का? परतीचा रस्ता तोच आहे.

कंदील

जॉर्जिया आधी, कारण ते सोपं आहे. तिथे सुपर स्पीडर कायदा आहे, १ जानेवारी २०१० पासून. दोन-लेनच्या रस्त्यावर ७५ किंवा जास्त, किंवा कुठल्याही रस्त्यावर ८५ किंवा जास्त असा वेग दोषसिद्धीत नोंदला गेला तर कोर्टाच्या दंडाशिवाय २०० डॉलर राज्याला. हे कोर्टात भरायचे नसतात. नंतर डिपार्टमेंट ऑफ ड्रायव्हर सर्व्हिसेसचं वेगळं पत्र येतं, आणि कोर्टाचं बिल भरून झालेलं असल्यामुळे लोक ते पत्र बनावट समजून फेकून देतात. मुदत चुकली की जॉर्जियातला गाडी चालवण्याचा हक्क निलंबित, मग पुन्हा मिळवायला आणखी ५० डॉलर. त्यामुळे जॉर्जियात वाटाघाटी करताना पहिलं लक्ष्य वेगाचा आकडा ८५ च्या खाली आणणं.

नॉर्थ कॅरोलायनात ५५ च्या वर असताना मर्यादेपेक्षा १५ हून जास्त मैल झाले तर त्या राज्यातला हक्क ३० दिवस जातो. १५ हून जास्त, किंवा ८० च्या वर, हे तिथेही मिसडिमिनर आहे. तिथे दोन गोष्टी कानावर येतात. एक इम्प्रॉपर इक्विपमेंट, म्हणजे स्पीडोमीटर नादुरुस्त होता असं धरून चार्ज बदलणं, ज्याला पॉइंट नाहीत. दुसरी पीजेसी, प्रेयर फॉर जजमेंट कन्टिन्यूड, म्हणजे दोष मान्य झाला तरी न्यायाधीशाने निकाल पुढे ढकलून ठेवणं. मर्यादेपेक्षा २५ मैलांहून जास्त असेल तर दोन्ही मिळत नाहीत. पीजेसी स्थानिकांना उपयोगी पडते, पण परराज्यवाल्यांनी सावध राहावं, कारण तुमचं राज्य तिला दोषसिद्धीच समजू शकतं. परराज्यवाल्याला इम्प्रॉपर इक्विपमेंट जवळजवळ नेहमीच चांगलं.

मोगरा

कॅमेऱ्याचं तिकीट पोस्टाने आलं तर?

टेकडीपल्याड

ते वेगळं प्रकरण, आणि बरंच सौम्य. पोलिसाने हातात दिलेलं तिकीट चालकावर असतं, कॅमेऱ्याचं गाडीच्या मालकावर. पेनसिल्व्हेनियात वर्क झोनमधल्या कॅमेऱ्याला ११ मैल जास्तपासून सुरुवात होते, पहिल्यांदा फक्त ताकीद, दुसऱ्यांदा ७५ डॉलर, तिसऱ्यांदापासून १५०. व्हर्जिनियात शाळा आणि वर्क झोनमध्ये १० मैल जास्तपासून, कमाल १०० डॉलर, आणि ते ड्रायव्हिंग रेकॉर्डवर जात नाही. पॉइंट नाहीत, तेव्हा भरा आणि विसरा. भाड्याची गाडी असेल तर कंपनी तुमच्या कार्डावर वेगळी अॅडमिन फी लावते, ती दंडात धरलेली नसते.

सध्या एसएमएसवर "तुमचं तिकीट थकलंय, या लिंकवर भरा" असे मेसेज सुटलेत. त्या लिंकवर जाऊ नका. पैसे भरायची वेबसाइट तिकिटावर छापलेल्या कोर्टाच्या नावावरून स्वतः शोधा. दंड भरून देणाऱ्या मधल्या खाजगी साइट्सही असतात, त्या वर कमिशन घेतात.

सोनचाफा

एच-१बी आणि ग्रीन कार्डवाल्यांचा प्रश्न अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहिते.

साधं स्पीडिंग, फक्त दंड, अटक नाही, यामुळे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड अडत नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० मध्ये, अटक झालेली नसेल आणि शिक्षा ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा पॉइंट एवढीच असेल, तर कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. पण फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचा. आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) मध्ये "अटक" बरोबर "साइटेड" (तिकीट मिळालेलं) हाही शब्द असतो. प्रश्नात तो शब्द असेल तर उत्तर हो द्यायचं.

व्हर्जिनियाचं रेकलेस मात्र दोषसिद्धी झाली तर गुन्हा आहे. मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, हा प्रश्न येतो. दोषसिद्धी असेल तर तिथे "हो" लिहून कोर्टाची प्रत सोबत न्यायची. एका रेकलेसने सहसा व्हिसा जात नाही, लपवल्याने जाऊ शकतो. समन्सवर सोडलं ते अटक धरायचं की नाही हा बारीक कायदेशीर मुद्दा आहे, तो इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा. ट्रॅफिकच्या वकिलाला पहिल्या फोनमध्येच तुमचं स्टेटस सांगा. "गुन्हा नको, इन्फ्रॅक्शनवर आणा, दंड जास्त चालेल" असं ध्येय त्याला ठरवता येतं.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवणाऱ्या आई-वडिलांना तिकीट मिळालं तर "ते आता परत गेले, कोण विचारतंय" असं करू नका. तारखेला कोणी आलं नाही तर मिसडिमिनरमध्ये वॉरंट निघू शकतं आणि ते पुढच्या वेळी विमानतळावर पुढे येऊ शकतं. त्यांच्यासाठी वकील करा आणि प्रकरण बंद करून घ्या.

घाटमाथा

वकील करायचा नसेल आणि स्वतः जाणार असाल तर दोन गोष्टी. व्हर्जिनियाच्या बऱ्याच काउंटींत ट्रॅफिकच्या खटल्यांत सरकारी वकील भाग घेत नाही. समोर ट्रूपर आणि न्यायाधीश, बस्. म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि ट्रूपर बाहेर दिसला तर शांतपणे रेकॉर्ड आणि कॅलिब्रेशनचा कागद दाखवा. त्याने न्यायाधीशाला "सहकार्य केलं" एवढं सांगितलं तरी फरक पडतो.

आणि निकाल मनाविरुद्ध लागला तर १० दिवसांच्या आत अपील करता येतं. सर्किट कोर्टात खटला पहिल्यापासून नव्याने चालतो, खालचा निकाल धरत नाहीत. ही मुदत काटेकोर आहे, अकराव्या दिवशी काही होत नाही.

आडवाट

खूप मदत झाली. शेवटचं: कोर्टाच्या साइटवर केस शोधली तर नाव सापडत नाही.

रानवारा

आपल्या नावांमुळे होतं ते. लायसन्सवर मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ट्रूपर कधी ते आडनावाच्या जागी लिहितो, कधी दोन नावं जोडून एक करतो. तिन्ही नावं उलटसुलट करून बघा. नाहीच सापडलं तर त्या तारखेच्या सुनावण्यांची यादी उघडा, किंवा क्लर्कला फोन करून समन्सवरचा नंबर सांगा. तिकीट मिळाल्यावर एक-दोन आठवडे केस साइटवर चढतच नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दिसली नाही म्हणून रद्द झाली असं समजू नका.

नाव चुकीचं असेल तर ते क्लर्ककडे आताच दुरुस्त करून घ्या. निकालानंतर सर्टिफाइड डिस्पोझिशनची (कोर्टाने शिक्का मारलेल्या निकालाची) प्रत मागून पासपोर्टच्या फाइलीत ठेवा. मग दोन-तीन महिन्यांनी न्यू जर्सीचं अॅबस्ट्रॅक्ट पुन्हा काढा. इम्प्रॉपर ड्रायव्हिंगवर आलेलं प्रकरण कधी कधी रेकलेस म्हणूनच चढलेलं असतं. तसं दिसलं तर ती प्रत मोटर व्हेइकल कमिशनला पाठवून दुरुस्त करून घ्या, आणि पॉलिसीच्या रिन्यूअलआधी ते होईल असं बघा.